शेपटीमागची फट

आमच्या घरात बंदूक आली ती अर्धीच आली. नळी नाही, चाप नाही, नुसता लाकडी दस्ता, आणि तोही एका विटलेल्या रजईत गुंडाळलेला. अण्णांनी तो दोन्ही हातांवर आडवा धरून, बारशाला मूल आणावं तसा, जिन्याने वर आणला आणि मस्कतच्या अल् घुब्र्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवायच्या टेबलावर ठेवला. आई कुळथाची पिठी ढवळत होती. पळी हातात घेऊनच ती बाहेर आली. "हे काय आणलंत? होडीचं वल्हं?" अण्णा म्हणाले, "बंदूक." आईने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग दाराला आतून कडी घातली. "परमुलखात राहतो आपण. उद्या पोलीस आले तर मी काय सांगू, पिठी ढवळत होते म्हणून?" अण्णांना हसू आवरेना. "पोलिसाला लाकूड दाखव. लाकडाला कोण पकडतो?" ते खरंच होतं. बंदुकीचं लोखंड अर्बाबाच्या, म्हणजे अण्णांच्या मालकाच्या, बरक्याच्या घरी, परवान्यासकट, कुलपात होतं आणि तिथेच राहणार होतं. आमच्याकडे फक्त लाकूड यायचं होतं. तरीही आईने त्या दिवशी टेबलावर कोणाला जेवू दिलं नाही. आम्ही जमिनीवर बसून पिठी-भात खाल्ला आणि ती रजई वर टेबलावर मानकऱ्यासारखी पडून राहिली.

अण्णा म्हणजे माझे वडील, राजापूरकडचे सुतार. मस्कतमध्ये त्यांचं फर्निचरचं वर्कशॉप होतं. म्हणजे पाटीवर नाव अर्बाब सैफचं आणि आतला हात अण्णांचा, तिथली रीतच तशी. त्यांना जगात एकाच गोष्टीचा गर्व होता, तो म्हणजे सांध्याचा. दोन लाकडं एकमेकांना भेटतात तिथे केससुद्धा शिरता कामा नये, असं ते म्हणत, आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. कपाट तयार झालं की माझ्या वेणीतला एक केस उपटून ते सांध्यावरून फिरवत. केस अडकला, आत गेला, की ते कपाट पुन्हा उघडायचं. माझ्या वेणीने मस्कतमधली निम्मी कपाटं पास केली आहेत. आज माझे केस विरळ झाले आहेत ते वयाने असं डॉक्टरीणबाई सांगतात. मला कारण ठाऊक आहे.

मी तेव्हा बारावी होऊन घरात बसले होते. इंडियन स्कूलमधल्या मैत्रिणी एकेक करून मणिपाल, पुणे, मुंबई अशा पांगल्या, आणि माझं पुढे काय ते कोणालाच ठरवता येत नव्हतं, मला तर मुळीच नाही. मला एवढंच कळत होतं की वर्कशॉपमधला लाकडाचा भुसा मला परफ्यूमपेक्षा आवडतो. पण अण्णा मला रंधा मारू देत, पॉलिश करू देत, पटाशी मात्र देत नसत. पटाशी म्हणजे लाकूड कायमचं कापणं. "कापलेलं परत लागत नाय, सुले," असं म्हणून ते माझ्या हातातून ती काढून घेत. मी रुसत असे आणि रुसूनही तिथेच बसत असे.

ही बंदूक होती सैफच्या वडिलांची, सालिमबाबांची. तरुणपणी ते आफ्रिकेत होते, समुद्रापासून लांब, रानाच्या कडेला त्यांची मक्याची शेती होती. त्या रानातले गवे म्हणजे आपल्याकडच्या म्हशीच, पण सैतान अंगात शिरलेल्या. एकदा एका गव्याने त्यांना आंब्याच्या झाडावर चढवलं आणि उन्हं कलेपर्यंत खाली उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिला. ही गोष्ट ते हिंदीत सांगत. हिंदी त्यांनी तिथल्या कच्छी दुकानदारांकडून उचललेली, त्यामुळे ती हिंदीही नव्हती आणि गुजरातीही नव्हती. "हम ऊपर, वो नीचे. हम आम खाता, गुठली उसको मारता. वो जाता नहीं. बहुत बेशरम जनावर." झाडावरून उतरल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते असल्या जनावराला पुरी पडेल अशी मोठी बंदूक मागवण्याचं. लोखंड दर्यापारहून आलं. लाकडाचं काम रतनशी नावाच्या एका कच्छी मिस्त्रीने घेतलं. त्याने अक्रोडाचा एक ओंडका निवडला, त्यात लोखंड बसायची जागा कोरली, आणि बाहेरून आकार द्यायच्या आतच तापाने गेला. पाठोपाठ तिथला काळ पालटला. सालिमबाबा ओमानला परतले ते लोखंड एका वळकटीत आणि लाकूड दुसऱ्या वळकटीत घेऊन. नंतर संसार, मुलं, धंदा यांत त्या वळकट्या पेटीच्या तळाशी गेल्या. त्या बंदुकीतून एकही गोळी कधी सुटली नव्हती.

आणि आता सालिमबाबांना काचबिंदू झाला होता. नजर कडेकडेने मिटत चालली होती, आणि उरलेली किती दिवस टिकेल ते डॉक्टर सांगू शकत नव्हते. निझ्व्याच्या बंदूकवाल्यांनी सांगितलं, हे अर्धवट लाकूड फेका, तयार प्लॅस्टिकचा दस्ता बसवून देतो. सालिमबाबांनी ती बंदूक उचलून तशीच गाडीत ठेवली. मग सैफ अण्णांना घेऊन बाबांच्या बरक्याच्या बागेत गेला. मीही हट्ट करून मागच्या सीटवर बसले. खजुरांच्या सावलीत गालिचा घातला होता. म्हातारबुवांनी आम्हाला खजूर दिले, कहवा दिला, पुन्हा कहवा दिला, आणि मग अण्णांचा हात धरून म्हणाले, "शिकार नहीं उस्ताद, शिकार खलास. गवा इधर किधर मिलेगा? बस, एक बार चलाना है. अपनी आँख से निशान देखके. अंधा होके चलाएगा तो क्या फायदा?" अण्णांनी आयुष्यात बंदुकीला हात लावला नव्हता. ते नाही म्हणणार याची मला खात्री होती. त्यांनी त्या लाकडावरून अंगठा फिरवला, उजेडाकडे धरलं, नखाने टिचकी मारून कानाशी नेलं. मग म्हणाले, "इन्शाल्ला." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हा शब्द ते एरवी काम टाळायचं असेल तेव्हाच वापरत.

त्यानंतरचे महिने मी आयुष्यात विसरणार नाही. आठवडाभर लाकूड आमच्या स्वयंपाकघराच्या बाल्कनीत, आणि शुक्रवारी ते रजईत गुंडाळून बरक्याला, लोखंडाच्या भेटीला. आई याला 'मुलगी दाखवायला नेणं' म्हणत असे. "नेलंत का तिला? पसंत पडली का?" बाल्कनीत उन्हाचा असा काही कडाका की कानस हातात धरवत नसे, म्हणून अण्णा पहाटे काम करत. अझान व्हायची, ती संपायची, की लगेच कानशीचा आवाज सुरू. खर्रर, खर्रर. मी अंथरुणात पडून त्या आवाजावरून सांगू शकत असे, आज मानेवर काम चाललंय का पोटावर. अक्रोडाचा भुसा बारीक, कॉफीच्या रंगाचा. तो सगळीकडे जाई. एका दुपारी आईने बांगड्याचं तिखलं वाढलं आणि अण्णा पहिला घास घेऊन म्हणाले, "आज तिरफळं जास्त पडली काय?" आईने ताटाकडे निरखून बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "तिरफळं नायत ती. बंदूक आहे. खा."

पण आईही या कामात ओढली गेलीच. लोखंड लाकडात कुठे टेकतं आणि कुठे टेकत नाही हे डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी लोखंडाला काळं फासायचं, ते लाकडात दाबून बसवायचं आणि काढायचं. जिथे काळा डाग उमटला तिथे लाकूड जास्त आहे, ते खरवडायचं. पुन्हा फासायचं, पुन्हा बसवायचं. अण्णांनी त्यासाठी बाजारातले सगळे रंग वापरून बघितले. कुठला पसरायचा, कुठला लाकडात मुरायचा. शेवटी मीच म्हटलं, आईचं काजळ घेऊन बघू. आई ते घरीच धरत असे, तुपाच्या निरांजनावर तांब्याचं ताम्हन उपडं घालून. "माझं काजळ बंदुकीला?" असं ओरडली खरी, पण शुक्रवारी सकाळी डबी भरून तिनेच माझ्या हातात दिली. ते काजळ असं काही बसलं की बस! लाकडावर कणाएवढा ठिपका उमटावा, अगदी नेमका. सालिमबाबांना कळलं की हे माझ्या आईचं काजळ आहे, तेव्हा त्यांनी मोठ्या अदबीने विचारलं, "आँख के लिए भी अच्छा?" आम्ही त्यांना थोडं दिलं. त्यांनी खरंच घातलं, तिथले जुने लोक सुरमा घालतातच. पुढच्या शुक्रवारी त्यांनी आईसाठी हलव्याचं एवढं मोठं भांडं पाठवलं की फ्रिजमधून भाजी बाहेर काढावी लागली. मग आईने उलट घावणे आणि खोबऱ्याची चटणी पाठवली. बंदूक राहिली बाजूला, डब्यांची ये-जा सुरू झाली.

काजळाने एक गोष्ट मात्र उघडी पाडली. बंदुकीच्या लोखंडाला मागच्या बाजूला, चापाच्या वर, एक निमुळती शेपूट असते. ती लाकडात कोरलेल्या खाचेत बसते. रतनशी मिस्त्रीची सगळी खाच अशी होती की अण्णा हात जोडत. "काय हात होता गो माणसाचा! लोणी कापावं तसं कापलंय." पण शेपटीच्या अगदी टोकामागे काजळ उमटतच नव्हतं. तिथे फट होती, पोस्टकार्ड सरकेल एवढी. अण्णांनी माझा केस उपटून टाकला, तो आत गडप झाला. त्यांना अगदी मनापासून वाईट वाटलं. "इथे घसरला बघ हात. तापात काम केलं असेल बिचाऱ्याने." गाडीत परतताना ते त्याच्याबद्दलच बोलत होते, जणू मिस्त्री त्यांच्या गावचा आणि कालपरवा गेलेला.

त्याच सुमारास दस्ता मागून आखूड करावा लागला. सालिमबाबा मांडी घालून बसले, अण्णांनी त्यांच्या कोपरापासून बोटापर्यंत माप घेतलं, आणि लक्षात आलं की रतनशीने तो पंचविशीतल्या उंचापुऱ्या माणसासाठी कापला होता. आता तो माणूस आटला होता. अण्णा करवत लावायला तयार होईनात. म्हातारबुवाच म्हणाले, "काटो उस्ताद, काटो. वो सालिम तो उधर ही रह गया." कापलेला तुकडा हातात आला तेव्हा अण्णांचे डोळे चमकले. तेच लाकूड, त्याच रेषा! घरी येऊन त्यांनी त्या तुकड्यातून कागदासारखी पातळ ढलपी काढली, फटीच्या मापाची, आणि ती माझ्यापुढे धरली. दुसऱ्या हातात पटाशी होती. "तुझी नजर बारीक आहे. रेषेला रेष मिळव. बसव तू." मी त्या पटाशीकडे अशी बघत राहिले की आईने विचारलं, रडतेस का हसतेस. मी सारा दिवस लावला. घासली, फिरवली, पुन्हा घासली. लाकडातली एक काळसर नागमोडी रेष शेपटीपाशी संपत होती, ती मी ढलपीतून अशी पुढे नेली की सरस वाळल्यावर जोड कुठे आहे ते मलाच सापडेना. अण्णांनी केस फिरवला. केस वरून निसटला. त्यांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढे पडले. हे सुख माझ्या लग्नात मला झालं नाही, आणि हे मी नवऱ्यासमोरही सांगते.

मग नक्षी. दस्ता हातातून निसटू नये म्हणून पकडीच्या जागी बारीक चौकटी कोरतात. ती सगळी मी केली, आधी एका मोडक्या खुर्चीच्या पायावर शिकून. मग जवसाचं तेल. थोडं गरम करायचं, तळव्यावर घ्यायचं आणि लाकडाला चोळायचं, तळवा भाजेपर्यंत. वाळू द्यायचं, पुन्हा. हे काम आईने आमच्याकडून काढून घेतलं. "तुम्हाला नाय जमत. बाळाला तेल लावलंय का कधी?" आणि ती पाय पसरून, मांडीवर दस्ता घेऊन, टीव्हीवरची मालिका बघत तेल चोळू लागली. हळूहळू ते लाकूड आतून उजळत गेलं. चॉकलेटी, मधेच सोनेरी, त्यात काळ्या लाटा. परवा माझ्या मुलीला मी हे सांगत होते. ती म्हणाली, "मम्मा, सीरियसली? यू अँड आजी मेड अ गन?" मी म्हटलं, आजीने तेल लावलं. बाकीचं आम्ही केलं.

थंडी पडल्यावर एका शुक्रवारी आम्ही सगळे डोंगरातल्या वादीत गेलो. कोरड्या नदीचं रुंद पात्र, दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, मधे बाभळीची झाडं. परवानगी वगैरे सैफने बघितली होती. त्याचे तीन चुलतभाऊ आपापल्या बंदुका घेऊन आले होते. गालिचे, कहव्याचे थर्मास, शेगडीवर मांसाच्या काड्या, आईचे घावणे. समोरच्या कपारीत तेलाचा पत्र्याचा डबा, सालिमबाबांना दिसावा म्हणून पांढराशुभ्र रंगवलेला. सालिमबाबांनी नवी पांढरी पायघोळ दिश्दाशा घातली होती, डोक्याला लाल किनारीचा मुस्सर होता, आणि डोळ्यांत आईचं काजळ. नवरदेव दिसत होते. रतनशीचं लाकूड आणि दर्यापारचं लोखंड पहिल्यांदाच पूर्ण बंदूक होऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं. सगळे वाकून वाकून बघत होते. अण्णा, जे अर्बाबासमोर एरवी हात बांधून उभे राहत, ते चक्क सर्वांना आपल्या हिंदीत समजावत होते, "इधर गॅप था. मेरा लडकी भर दिया. देखो, दिखता है? नहीं दिखता!" आणि सैफचे भाऊ "मा शा अल्लाह" म्हणत मान डोलवत होते. मला तर दोन पंख फुटायचे बाकी होते.

आधी भावांनी आपल्या बंदुका उडवल्या, हात साफ करायला. उडवून झाल्या की गालिच्यावर ठेवल्या, नेमक्या माझ्या शेजारी. मी सुताराची मुलगी, मी आधी काय बघणार? सांधे! पहिली उचलली. शेपटीमागे फट. मी मनात म्हटलं, कोण हा गबाळ्या कारागीर. दुसरी उचलली, ती वेगळ्या देशातली, वेगळ्या घडणीची. शेपटीमागे फट, तेवढीच. मी वेणीतला केस काढून दोन्हीकडे टाकला, दोन्हीकडे आत गेला. तिसरी बंदूक धाकट्या भावाची, नासरची, जुनी, मानेवर चांदीची रुंद पट्टी गुंडाळलेली. तिची शेपूट लाकडाला घट्ट भिडलेली होती, केस शिरत नव्हता. बरं वाटलं. मी नासरला विचारलं, ही पट्टी कशाला? तो म्हणाला, "ये जीनत. खूबसूरती के वास्ते." पण चांदीच्या पट्टीखालून एक रेष बाहेर येत होती. लाकडाची रेष नव्हती ती. चीर होती. आणि ती बरोबर शेपटीच्या टोकातून निघत होती.

गोळी पुढे जाते तेव्हा लोखंड मागे येतं, हे मला नासरच्या खांद्याला बसलेल्या धक्क्यावरून आत्ताच दिसलं होतं. मागे येणारं निमुळतं लोखंड, आणि त्याच्या मागे घट्ट भिडलेलं लाकूड. हे तर मी लहानपणापासून बघत आले होते. ओंडका फोडायचा तर असंच करतात! तिकडे सालिमबाबा मांडी घालून बसले होते, कोपरं गुडघ्यांवर टेकवलेली. सैफने माझ्या मधल्या बोटाएवढं काडतूस त्यांच्या हातात ठेवलं, त्यांनी ते आत सारलं, आणि गाल दस्त्याला लावला.

"अण्णा, थांबवा त्यांना!" मी किंचाळले. सगळी वादी वळून बघू लागली. अण्णा चिडले. "काय गो? काय झालं?" माझ्या तोंडातून एकच शब्द निघाला. "पाचर!" त्यांना कळेना. मी धावत जाऊन शेपटीवर बोट ठेवलं. "ही पाचर होईल अण्णा. मागे येईल आणि ठोकली जाईल. मिस्त्रीचा हात नाही घसरला. त्याने जागा सोडली होती!" अण्णांना पुढे काही सांगावं लागलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पाचरी ठोकून लाकूड फोडलं, त्याला पाचर काय करते ते मी काय सांगणार? त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. ते सालिमबाबांसमोर गुडघ्यावर बसले आणि बंदुकीवर हात ठेवला. "बाबा, रुको. मेरा गलती है. लकडी फट जाएगा." सैफ वैतागला. एवढे पाहुणे, एवढा थाट. "उस्ताद, यल्ला, अभी क्या गलती? सुबह तो बोला एकदम बराबर!" अण्णा मान खाली घालून तसेच बसले. हात मात्र काढला नाही.

सालिमबाबांनी काडतूस बाहेर काढलं आणि मुलाला गप्प केलं. मग माझ्याकडे वळले. "लड़की, तू बोल." मी एक तळवा उभा धरला आणि त्यावर दुसऱ्या हाताची मूठ आपटून दाखवली. मग त्यांचा अंगठा शेपटीमागे गेला आणि तिथेच फिरत राहिला. "शुरू में हर जुम्मा ये अंगूठा इधर जाता था, गॅप में. अभी जाता है, गॅप नहीं मिलता. हम सोचा, रतनशी ऐसा काम छोड़ेगा? लेकिन उस्ताद हमारा मेहमान. मेहमान का काम में कौन बोलेगा?" अण्णांनी कपाळावर हात मारला. "बोलना था ना, बाबा!" आणि म्हातारबुवा इतके हसले की त्यांना खोकला आला.

गाडीच्या मागच्या फळीवर अण्णांनी बंदूक उघडली. दोन स्क्रू फिरवले, लोखंड वेगळं झालं. पटाशी त्यांच्या पिशवीत असणारच, ते लग्नालाही ती घेऊन जात. मी लाकूड घट्ट धरून उभी राहिले आणि त्यांनी माझी ढलपी कापायला सुरुवात केली, ती जिची नागमोडी रेष जुळवताना मी जेवले नव्हते. भुसा होऊन ती वाऱ्यावर गेली. तेव्हा मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू. छाती अशी धडधडत होती की वाईट वाटायला जागाच नव्हती. अण्णांनी फुंकर मारली, लोखंड बसवलं, स्क्रू आवळले, आणि सवयीने माझ्या वेणीतला केस उपटला. तो फटीत सरळ आत गेला. "आता बरोबर," ते म्हणाले. केस आत गेल्यावर ते असं म्हणाल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

सालिमबाबांनी पुन्हा गाल लावला. आईने दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला लागली. आवाज झाला तो कानाने नाही, पोटाने ऐकला मी. डोंगर दोन्ही बाजूंनी गरजले, कहव्याचे पेले खणखणले, आणि सालिमबाबा मागच्या लोडावर उताणे! मुस्सर एकीकडे, चपला दुसरीकडे. सगळे त्यांच्याकडे धावले. फक्त अण्णा त्यांच्याकडे गेले नाहीत. त्यांनी बंदूक उचलली आणि मान डोळ्यांजवळ नेली. मीही वाकले. लाकूड शाबूत होतं. आईने चोळलेली एक लाटसुद्धा हलली नव्हती. अण्णांनी नुसतं माझं मनगट धरलं, आणि मनगट दुखेपर्यंत सोडलं नाही.

सालिमबाबा उठून बसले ते हसतच. "लगा?" त्यांनी विचारलं. "लगा, लगा! मा शा अल्लाह!" चारी बाजूंनी आवाज आले. सैफचा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "तुम लोग चुप. लड़की बोलेगी." मी कपारीकडे बघितलं. पांढरा डबा जागच्या जागी उभा होता, आणि त्याच्या डाव्या बाजूच्या दगडाचा टवका उडाला होता. सैफ माझ्याकडे असा बघत होता की मी खोटं बोलावं. त्याचं काही चुकत नव्हतं, बाप होता त्याचा. मी म्हटलं, "नहीं लगा, बाबा. पत्थर को लगा. एक हाथ बाएँ."

आणि सालिमबाबांचा चेहरा असा फुलला की काय सांगू! "बाएँ! हम को भी बाएँ दिखा! सफेद का बाजू में धूल उड़ा, हम देखा!" त्यांनी सैफकडे वळून अरबीत काहीतरी सुनावलं, भाऊ हसू दाबू लागले. मग पुन्हा काडतूस, पुन्हा मांडी, पुन्हा गाल. या वेळी त्यांनी वेळ घेतला. त्यांचा एक डोळा मिटलेला, दुसऱ्यातून काजळ गालावर ओघळलेलं. मी प्रार्थना करणाऱ्यांतली नव्हे, पण त्या क्षणी मी आमचा ग्रामदेव आणि त्यांचा अल्ला दोघांनाही कामाला लावलं.

धडाका झाला, आणि डोंगरांनी आपलं गर्जून घ्यायच्या आतच तो डबा पत्र्याचा खणखणाट करत कपारीतून उडाला. "लगा?" त्यांनी माझ्याकडे तोंड करून विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात अण्णा ओरडले. माझे अण्णा, जे अर्बाबासमोर मोठ्याने खोकतही नसत, ते त्या नदीच्या पात्रात उड्या मारत, हिंदी-बिंदी सगळी विसरून, गावच्या आवाजात ओरडत होते, "लागली! बाबा, लागली!" सालिमबाबांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. पण हा त्यांना कळला. "लागली?" ते म्हणाले. मग स्वतःच उत्तर दिलं, "लागली!" आणि परतीच्या वाटेवर गाडीत, कहव्याच्या टपरीवर, बरक्याच्या फाटकात, जो भेटेल त्याला ते हेच सांगत राहिले.

पुढच्या थंडीपर्यंत त्यांची नजर पूर्ण गेली. आम्ही मात्र जात राहिलो, घावण्यांचा डबा घेऊन. मजलिसच्या, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीच्या, दारात आमच्या चपला वाजल्या की ते आतून मान वर करून मोठ्याने म्हणत, "लागली?" आणि अण्णा बाहेरूनच त्याहून मोठ्याने सांगत, "लागली, बाबा!" दोघांपैकी कोणीही त्याआधी सलाम करत नसे.